पांढरी सोडून काळीत : सावरगावच्या परसातल्या झाडांचा इतिहास

सावरगाव हे नाव काटेसावरीवरून आलं असावं, असं माझं मत आहे. आमच्या भागात झाडांवरून पडलेल्या गावांच्या नावांना तोटा नाही. सौसरकडे जा, मोहगाव लागतं, पिपळा नारायणवार लागतं. विदर्भात उतरलात की बोरगाव, चिंचोली, उंबरखेड, पिंपळगाव यांची रांगच. पण एक गंमत बघा. ज्या झाडांची नावं गावांना मिळाली, ती झाडं बहुतेक घराच्या अंगणात लावायची नाहीत. सावर घ्या. बुंध्यावर काटे, शंभर फुटांपर्यंत उंची, बुडाशी भिंतीसारखे पसरणारे आधार, आणि बोंडं फुटली की घरभर उडणारा कापूस. उशीत भरायला तो कापूस चांगला, पण झाड गावाबाहेरच बरं. म्हणजे गावाची खूण वेगळी आणि घराचं झाड वेगळं. हा फरक आपल्या जुन्या माणसांना चांगला ठाऊक होता, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

सावरगाव बाहेरच्यांना माहीत आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा बांधतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मध्ये दगड. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे, मी भर घालत नाही. मला त्यातलं फक्त झाड हवं आहे. तो पळस दर वर्षी जंगलातून आणतात, कुणाच्या अंगणातून नाही. पोळ्याला दारापुढे ठेवायच्या पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, तेही रानातूनच. पत्रावळीची पानं, दोरासाठी मुळांचा वाख, रंगाला फुलं, सगळं पळसाचं. पण परसात पळस लावलेला मी आमच्याकडे पाहिलेला नाही. हाताच्या अंतरावर जे मिळतं ते घरात लावून जागा अडवायची नाही, असा सरळ हिशेब.

मी मूळचा स्थापत्य अभियंता. पाया, भिंती, नाल्या यांत निम्मं आयुष्य गेलं. इतिहासाकडे वळलो ते पन्नाशीच्या आसपास, आणि तेही कुणा गुरूकडे न शिकता. त्यामुळे आमच्या मंडळात ताम्रपट, किल्ले, मोडी कागद यांवर बोलणारे जाणकार असताना मी परसाबद्दल बोलायला उठलो, तेव्हा दोघा-तिघांनी भुवया उंचावल्या. परसाला कसला इतिहास? माझं म्हणणं असं, की वाडा पडला तर निदान जोतं उरतं. परस मोडलं की काहीच उरत नाही. आणि आत्ता सावरगावात ते मोडतंय.

आधी माती. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन शब्द आहेत, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे शेताची. गावकऱ्यांनी हे शब्द नुसते रंगावरून ठेवलेले नाहीत. शेकडो वर्षं मातीच्या भिंती बांधल्या, पडल्या, पुन्हा बांधल्या. चुलीची राख, शेण, चुना, खापरं, सगळं त्याच जागी मुरलं. त्यातून जी भुरकट, भुसभुशीत, पाणी सोडून देणारी माती झाली ती पांढरी. जुन्या गढीची पांढरी माती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून टाकायचे, हे आमच्या वयाच्या लोकांनी पाहिलेलं आहे. काळीचं तसं नाही. काळी कापसाची माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. जुनं गाव पांढरीत का वसलं याला पूर, देव, चोर अशी पुष्कळ कारणं असतील. पण पांढरीत घर हलत नाही आणि काळीत हलतं, हे कारण माझ्या लेखी लहान नाही.

आता त्या पांढरीतलं एक परस सांगतो. आमच्या मोठ्या आईचं, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाच्या बायकोचं. घर पूर्वाभिमुख. पुढे अंगण, त्यात तुळस आणि एक पारिजातक, बाकी मोकळं. कारण अंगणात धान्य वाळतं, कुरड्या-पापड वाळतात, लग्नाचा मांडव पडतो. तिथे सावली नकोच असते. मागे परस. पश्चिमेच्या कुंपणाजवळ कडूनिंब, त्याच्याखाली जनावरांचा कोठा. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडे तिथे केळी आणि अळू, त्याच्या वर थोडं उंचावर गोडलिंब. लिंबाचं झाड एका कोपऱ्यात, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, काट्यांमुळे. पेरू, म्हणजे आमच्याकडचा जांब, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा. तो तसा का, हे मी विचारलं होतं. उत्तर आलं, “पोट्टे अन् पोपट, दोघायवर नजर ठेवा लागते.” विहिरीच्या कठड्यापासून सगळी झाडं लांब. मुनगा, म्हणजे शेवगा, थेट मागच्या कुंपणाला. त्याबद्दलचं तिचं वाक्य मला तोंडपाठ आहे: “मुनग्यावर पोट्टे चढतेत अन् खांदी कडकन मोडते. घराजवळ नोको लावू.”

हे वाक्य मी मुद्दाम दिलं. कारण शेवगा दारात नको, अशुभ असतो, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. मोठ्या आईला शुभ-अशुभाची पर्वा नव्हती असं नाही, पण कारण विचारलं तर ती फांदीचं सांगायची. शेवग्याचं लाकूड खरोखर भेंडासारखं ठिसूळ. शिवाय पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, अंगाला लागले की खाज. आणि तरीही तो घराच्या हद्दीत पाहिजेच, कारण शेंगा, पाला, फुलं तिन्ही खायला येतात. म्हणून कुंपणाला. चिंचेचं तेच. चिंचेखाली झोपू नये, भूत असतं. भुताचं सोडा, चिंचेखाली दुसरं काही धड उगवत नाही, झाड दोनशे वर्षं जगतं, घेर प्रचंड होतो, आणि एका घराच्या परसाला ते परवडत नाही. चिंच शेताच्या बांधावर, गावाच्या वेशीवर, रस्त्याच्या कडेला. फुकट चिंचा सगळ्या गावाला.

असे नियम लिहून ठेवलेला आपल्याकडचा जुना आणि मोठा ग्रंथ म्हणजे वराहमिहिराची बृहत्संहिता. सहावं शतक, आणि लेखक अवंतीचा, म्हणजे आजच्या मध्यप्रदेशातलाच. वास्तूच्या अध्यायात तो सांगतो, की घराजवळ काटेरी झाडं शत्रूचं भय आणतात, चिकाची झाडं धन घालवतात, फळझाडं संततीला वाईट. ती तोडायची नसतील तर मधल्या जागेत चांगली झाडं लावावीत. मग तो सात नावं देतो: पुन्नाग, अशोक, अरिष्ट, बकुळ, फणस, शमी आणि शाल.

वास्तूवाले आज ही यादी छापील पत्रकांवर देतात, आणि लोक ती घेऊन रोपवाटिकेत जातात. थोडं थांबून वाचली तर यादी स्वतःच बोलते. काटेरी नको म्हणणाऱ्या यादीत शमी आहे, तिला काटे आहेत. चिकाची आणि फळांची नकोत म्हणणाऱ्या यादीत फणस आहे. त्याला चीकही आहे आणि फळ तर केवढं. म्हणजे वराहमिहिराला स्वतःलाही हा नियम दगडावरची रेघ वाटत नसणार. तो परंपरा नोंदवतोय, आणि परंपरेत अपवाद भरलेले असतात. दुसरं, ही झाडं सावरगावात लावून बघा. पुन्नाग म्हणजे उंडी, समुद्रकाठचं झाड. शाल आपल्या सातपुड्याच्या दक्षिण उताराला नाही, इथे सागवान. शाल बघायचा तर पचमढीला जा. फणसाला आमचं मे महिन्यातलं कोरडं ऊन सोसत नाही. अरिष्ट म्हणजे कडूनिंब असं बरेच जण घेतात, पण तोच शब्द रिठ्यालाही वापरलेला आहे. आणि अशोक! रोपवाटिकेत अशोक मागितला की खांबासारखा सरळ वाढणारा, लटकत्या पानांचा खोटा अशोक हातात देतात. १९८० नंतरच्या प्रत्येक कॉलनीत त्याच्या रांगा आहेत. खरा अशोक, केशरी फुलांच्या गुच्छांचा, सावलीतला आणि ओलाव्यातला, तो वेगळाच. खोट्या अशोकाला सावली नाही, फुलाला रूप नाही, फळ आपल्या कामाचं नाही. कोपऱ्यात उभा राहतो इतकंच. ज्यांना आवडतो त्यांनी रागावू नये.

मग वराहमिहिर टाकून द्यायचा का? मुळीच नाही. त्याच ग्रंथातला वृक्षायुर्वेदाचा अध्याय मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तिथे तो मोजमाप देतो. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, बाराच्या खाली जाऊ नये. हात दीड फुटाचा धरला तर तीस, चोवीस आणि अठरा फूट. जवळ लावलेली झाडं वर फांद्यांनी आणि खाली मुळांनी एकमेकांत शिरतात आणि धड फळत नाहीत, हेही तो सांगतो. पांढुर्ण्याच्या बागाईतदाराला विचारा संत्र्याच्या दोन झाडांत किती अंतर. तो वीस फूट सांगेल. बृहत्संहिता त्याने उघडलेली नसते. त्याच अध्यायात घरी किंवा बागेत पहिल्यांदा लावायची मंगल झाडं आहेत, त्यांत अरिष्ट आणि अशोकाबरोबर शिरीष आहे. शिरीष आमच्याकडे मजेत वाढतो, पण त्याची वाळकी शेंग उन्हाळाभर खुळखुळते. झोप हलकी असेल तर खिडकीपासून लांब लावा.

चिकाच्या झाडांबद्दल मात्र मी वराहमिहिराच्या बाजूचा. वड, पिंपळ, उंबर यांचं बी पाखरांच्या विष्ठेतून येतं आणि भिंतीच्या सांध्यात रुजतं. पिंपळाचं बोटभर रोप कठड्यात दिसलं आणि पूज्य म्हणून उपटलं नाही, की दहा वर्षांत दगडी बांधकाम उकलतं. पडक्या विहिरी आणि वाडे पाहणाऱ्या आपल्या वाचकांना हे सांगायला नको. धन जातं ते असं. पिंपळाची जागा देवाच्या पाराला. सौसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली निजलेला मारुती आहे, तिथे तो शोभतो. उंबराची गोष्ट जरा वेगळी, कारण जमिनीखालचं पाणी झाडांवरून आणि वारुळांवरून ओळखण्याचा एक अख्खा अध्याय बृहत्संहितेत आहे आणि त्यात उंबर येतो. आपलेही विहीर खणणारे उंबर पाहूनच थांबतात.

आता सावलीकडे येतो. इथे अभियंत्याला थोडं जास्त बोलू द्या.

पांढुर्णा साधारण साडेएकवीस अंश उत्तरेला आहे, कर्कवृत्ताच्या खाली. म्हणजे मेअखेर आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर सूर्य भर दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. उन्हाळ्याच्या दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन पडतच नाही म्हटलं तरी चालेल. भिंत तापते ती सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची. जूनमध्ये सूर्य मावळतो तोही नेमक्या पश्चिमेला नाही, तिच्या सुमारे २५ अंश उत्तरेकडे. त्यामुळे सावलीचं मोठं झाड हवं ते पश्चिमेला आणि वायव्येला. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४५ अंशांवर असतो, ते ऊन हवंहवंसं. दक्षिणेला मोठं झाड लावाल तर हिवाळ्याचं ऊन जाईल आणि उन्हाळ्यात भिंतीला फायदा शून्य. मोठ्या आईचा निंब पश्चिमेला होता. तिने सूर्याचे कोन काढले नव्हते. तिच्या सासूने तिथे लावला होता आणि दुपारी कोठ्यातली जनावरं गार राहतात एवढं त्यांना कळत होतं.

विलायती बागकामाच्या पुस्तकांत एक सल्ला असतो: पानगळीचं झाड लावा, हिवाळ्यात पानं झडतात आणि घरात ऊन येतं. आपल्याकडे काहींनी तो जसाच्या तसा उचलला. पण इथली पानगळ तिथल्यासारखी थंडीची नाही, ती बहुतांशी कोरड्या दिवसांची. सागवान फेब्रुवारी-मार्चपासून उघडा पडतो तो पाऊस येईपर्यंत. म्हणजे ज्या दिवसांत सावली हवी नेमक्या त्याच दिवसांत नाही. गेल्या तीसेक वर्षांत मुलीच्या लग्नाला उपयोगी पडेल म्हणून अंगणात सागवान लावायची टूम निघाली होती. सावलीच्या हिशेबाने ते सगळ्यांत वाईट झाड. कडूनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो आणि लगेच नवी पालवी धरतो, गुढीपाडव्याला कोवळी पानं हातात येतात, आणि एप्रिल-मेमध्ये सावली दाट. आमच्या प्रदेशाने कडूनिंबाला घरचा केला तो उगाच नाही.

अंतराचंही याच हिशेबात सुटतं. तीस फुटांचं झाड उन्हाळ्यात दुपारी साडेचारच्या सुमारास चाळीस फुटांहून लांब सावली टाकतं. भिंतीला खेटून लावायची गरजच नाही. वीस फुटांवरचा निंब भिंत झाकतो. बारा हात, वीस हात या जुन्या मापांत भिंतीपासूनचं अंतर सांगितलेलं नसलं, तरी जुन्या परसांत मी जिथे जिथे पावलं टाकून मोजलं तिथे निंब घरापासून बारा-पंधरा पावलांवर सापडला.

झाड कुणाचं, हाही प्रश्न परसाच्या इतिहासात येतो. इ. स. १७१५ च्या सुमारासच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिताना आंबा-फणसाला हात लावू नये असं म्हटलं आहे, कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. आमचा भाग देवगडच्या गोंड राज्याकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८५४ मध्ये इंग्रजांकडे, आणि १८६१ मध्ये मध्यप्रांतात. इंग्रजी बंदोबस्तात गावाचा मालक म्हणून मालगुजार उभा राहिला. गावच्या रिवाजांची नोंद वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात होई, झाडांवरचे हक्क त्यात येत. कर्नल स्लीमन यांनी नर्मदेकडच्या आमरायांबद्दल १८४४ च्या पुस्तकात लिहिलं आहे, की आमराई लावणारं जोडपं आंब्याचं लग्न दुसऱ्या झाडाशी, बहुधा चिंचेशी, लावल्याशिवाय त्याचं फळ चाखत नसे. झाडात माणसाचा जीव किती गुंतलेला असे ते यावरून दिसतं. पुढे नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्यप्रदेशाने मालगुजारी निर्मूलनाचा १९५० चा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ ला मालगुजारांचे हक्क सरकारकडे गेले. पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने घर, घराची मोकळी जागा, तिथली विहीर आणि तिथली झाडं ज्याची त्याच्याकडे ठेवली. जंगल गेलं, पडीक गेलं, तलाव गेले. परसातला जांब राहिला. इतिहासाच्या पुस्तकात ही ओळ कुणी देत नाही, पण लाखो घरांच्या दृष्टीने ती महत्त्वाची होती.

संत्र्याचं थोडक्यात. नागपूरच्या भोसल्यांनी, दुसऱ्या रघूजींनी, औरंगाबादहून संत्रा आणून आपल्या बागेत लावला, अशी सगळीकडे सांगितली जाणारी हकीकत आहे. म्हणजे आज ज्याच्यावर पांढुर्णा-सौसरचा बाजार चालतो ते झाडही मुळात एका घरच्या बागेतूनच निघालं. जंबेरीवर डोळा बांधून केलेली कलमं, आंबिया आणि मृग असे दोन बहार, ही सगळी शेतातली विद्या. अंगणात मात्र संत्रा फारसा टिकत नाही. त्याला पाण्याचा निचरा हवा, बहारासाठी ताण द्यायला हवा. अंगणात रोज कुणीतरी बादली ओततं आणि मूळ कुजतं. अंगणातल्या घराला लिंबू पुरे.

आता मूळ दुखणं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही नव्या मध्यप्रदेशात गेलो, २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा झाला की जागेला भाव येतो. सावरगावचं गावठाण भरलं कधीच. नवी घरं ले-आऊटमध्ये, म्हणजे कालच्या कापसाच्या आणि संत्र्याच्या वावरात. पांढरी सोडून माणसं काळीत राहायला गेली. हा माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला इथला सगळ्यांत मोठा बदल आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. पांढरीत निंब पंधरा पावलांवर असला तर मातीच्या भिंतीला काही होत नसे. काळीत तहानलेलं मोठं झाड उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतं, माती आकसते, पाया एका बाजूला बसतो आणि विटांच्या भिंतीला जिन्यासारखी तडा पडते. मग घरमालक झाडाला दोष देतो. झाडाचा दोष अर्धा. पाया काळीतल्या वरच्या फुगणाऱ्या थरात उथळ घातला, हा उरलेला अर्धा.

याच ले-आऊटांत आणखी परकी झाडं आली. गुलमोहर मादागास्करचा, फुलतो सुरेख, पण मुळं वरवर आणि वादळात आधी तोच पडतो. मैदानात, रस्त्याच्या दुभाजकात ठीक. सुबाभूळ १९७०-८० च्या दशकांत चारा आणि सरपणासाठी लोकांना दिली गेली. कोठा असलेल्या घरात तिला अर्थ होता. कोठा गेला, ती राहिली, आणि आता तिचं बी सगळीकडे उगवतं.

मोठ्या आईचं परस गेल्या वर्षी तीन भावांत वाटलं गेलं. एका चुलतभावाच्या वाट्याला निंबाची बाजू आली आणि तिथे त्याला तीन खोल्या काढायच्या आहेत. सावरगाव नगरपालिकेच्या हद्दीत असल्याने २००१ च्या नागरी वृक्षसंरक्षणाच्या कायद्याखाली परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “दादा, परवानगी भेटते. तू मले हे सांग, तोडू का नोको?” मी पांढरीत दोन खड्डे घेऊन पाहिले. चार फुटांवर मुरूम लागला. निंबापासून अठरा फूट सोडून, पाया मुरमात नेऊन खोल्या दोनच काढ, आणि पश्चिमेला खिडकी ठेव, असं सांगितलं आणि नकाशा काढून दिला. तिसरी खोली वर.

त्याच्या मुलाने ले-आऊटमध्ये तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला आहे. पंधराशे चौरस फूट, त्यात बांधकाम नऊशे, उरले सहाशे, तेही चारी बाजूंनी पट्ट्यापट्ट्यांत. त्याने विचारलं, इथे कडूनिंब, आंबा, अशोक आणि चिकू बसतील का. वीस हातांच्या हिशेबाने या प्लॉटवर एक झाड बसतं. मोठं तर नाहीच. पंधरा फूट घेराचं मध्यम झाड म्हटलं तरी पावणेदोनशे चौरस फूट घेतं. आमचं ठरलं ते असं. मागे वायव्येच्या कोपऱ्यात एक बकुळ. हळू वाढते, बारमाही हिरवी, छाटून हव्या त्या घेरात ठेवता येते आणि वराहमिहिराच्या यादीतही आहे, त्यामुळे घरातली वडील मंडळीही खूष. न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू, बाजूला गोडलिंब. फाटकापासून लांब लिंबू. दक्षिणेला काही नाही, फक्त वाळवणाची दोरी. मुनगा हवाच असा सूनबाईंचा आग्रह, तर तो मागच्या कुंपणाला, आणि दर वर्षी शेंगा संपल्या की कंबरेएवढा छाटायचा. म्हणजे फांदी मोडायला उंचीच राहत नाही आणि शेंग हाताला येते. निंब घराला नाही, पण ले-आऊटच्या कोपऱ्यावर बगिच्यासाठी सोडलेला तुकडा आहे, तिथे प्लॉटवाल्यांनी मिळून चार निंब आणि एक उंबर लावायचं कबूल केलं आहे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी कुणी घालायचं यावर अजून भांडण चालू आहे.

मंडळाच्या वाचकांना एक विनंती. पांढुर्णा, सौसर, मोहगाव, लोधीखेडा भागात तुमचं जुनं परस अजून उभं असेल, तर एका कागदावर उत्तर दिशा दाखवून घर, विहीर, न्हाणी, कोठा आणि प्रत्येक झाड पावलं टाकून मांडा, कुणी कधी लावलं हे घरातल्या सगळ्यांत जुन्या बाईला विचारून लिहा, आणि मंडळाकडे पाठवा. माझ्याकडे आतापर्यंत सात नकाशे आहेत. त्यांतल्या दोन परसांत आता फक्त फरशी आहे.